विश्लेषण : अखेरच्या सेकंदातील ‘त्या’ शॉटची किंमत कोणाला मिळाली?

अमेरिकेत मार्च महिना आला, की टीव्हीवर एक चित्रफीत हमखास दिसते. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा ख्रिस जेन्किन्स उडी घेऊन शॉट मारतो, चेंडू हवेत असतानाच फलकाभोवतीचा लाल दिवा पेटतो आणि चेंडू जाळीतून खाली पडतो. ७७-७४. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वांत गाजलेल्या क्षणांपैकी हा एक. याच जेन्किन्सने २०२५ मध्ये ही स्पर्धा भरवणाऱ्या ‘एनसीएए’विरुद्ध खटला दाखल केला.

४.७ सेकंदांत काय घडले?

४ एप्रिल २०१६ची रात्र. ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये ७४ हजारांहून अधिक प्रेक्षक होते; भारतात तेव्हा ५ एप्रिलची सकाळ उजाडली होती. अंतिम सामन्यात १० गुणांनी मागे पडलेल्या नॉर्थ कॅरोलिनाने अखेरच्या साडेपाच मिनिटांत ती पिछाडी भरून काढली. घड्याळात ४.७ सेकंद उरले असताना त्यांच्या मार्कस पेजने उडी घेतली, समोर बचावपटू येताच हवेतच चेंडू खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि तीन गुण मिळवले. ७४-७४. खरे तर त्या रात्रीचा सर्वांत अवघड शॉट हाच. पण हरलेल्या संघाचे शॉट कोण लक्षात ठेवतो?

व्हिलानोव्हाने टाइमआउट घेतला. प्रशिक्षक जे राइट यांना नवी योजना आखावी लागली नाही. अशा वेळेसाठीची चाल संघाने सरावात पुन:पुन्हा घोटलेली होती. जेन्किन्सने अंतिम रेषेबाहेरून चेंडू रायन आर्चिडियाकोनोकडे दिला. तो ड्रिबल करत पुढे धावला तसे बचावपटूंचे सारे लक्ष त्याच्याकडे गेले. चेंडू आत टाकणाऱ्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. जेन्किन्स मागून मोकळाच धावत आला आणि त्याने हाक मारली. आर्चिडियाकोनोने स्वत: शॉट मारण्याऐवजी चेंडू मागे त्याच्या हातात सोडला. पुढचे सर्वांनी पाहिले. पाहणाऱ्यांत नॉर्थ कॅरोलिनाचा नेट ब्रिटही होता. जेन्किन्स ज्या घरात वाढला, ते ब्रिटचे घर. ब्रिटचे आईवडील जेन्किन्सचे कायदेशीर पालक. म्हणजे एकाच घरातला एक मुलगा जिंकला, दुसरा हरला.

वेळ संपल्यावर पडलेला चेंडू ग्राह्य कसा?

नियम चेंडू जाळीत कधी पडला हे पाहत नाही, तो हातातून कधी सुटला हे पाहतो. लाल दिवा पेटण्याआधी बोटांचा स्पर्श सुटलेला असेल, तर पुढचा हवेतला प्रवास वेळ संपल्यानंतरचा असला तरी चालतो. पंचांनी मॉनिटरवर चित्रण तपासले आणि मगच निकाल कायम केला. घड्याळात तेव्हा एक पूर्ण सेकंदही शिल्लक नव्हता.

६८ संघांच्या या स्पर्धेत एक पराभव म्हणजे थेट घरी. त्यामुळे अखेरच्या शॉटला जे वजन येते, ते दीर्घ साखळी स्पर्धेत येत नाही. शारजातील १९८६च्या अंतिम सामन्यात जावेद मियाँदादने अखेरच्या चेंडूवर मारलेला षटकार भारतीय प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत, तसेच हे.

मग पैसा कोणाकडे गेला?

या सामन्यानंतर आठच दिवसांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, ‘एनसीएए’ने सीबीएस आणि टर्नर यांच्याबरोबरचा प्रक्षेपण करार २०३२पर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. वाढीव आठ वर्षांची किंमत ८८० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ११० कोटी. हा करार एका शॉटमुळे झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल; पण वाहिन्या ज्यासाठी एवढे मोजतात, ते असेच क्षण असतात. खेळाडूंना तेव्हा शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवणाच्या खर्चापलीकडे फारसे काही मिळत नव्हते. स्वत:चे नाव वा छायाचित्र विकण्यास मनाई होती. हौशीपणाच्या तत्त्वाचे हे रूप संस्थेच्या फारच सोयीचे होते.

चित्र २०२१ मध्ये बदलले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात ९-० असा ‘एनसीएए’विरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना नाव, प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. त्यापुढचे पाऊल म्हणजे ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेली ‘हाउस’ तडजोड. तिच्यानुसार माजी खेळाडूंना भरपाईपोटी सुमारे २८० कोटी डॉलर मिळणार आहेत आणि विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २.०५ कोटी डॉलर होती.

जेन्किन्स तडजोडीबाहेर का पडला?

इथे पुन्हा घड्याळ आडवे येते. मूळ खटला १५ जून २०२० रोजी दाखल झाला. अमेरिकेच्या स्पर्धा कायद्यात नुकसानभरपाईची मुदत चार वर्षांची आहे, त्यामुळे तडजोडीतील भरपाईचा काळ १५ जून २०१६पासून मोजला जातो. जेन्किन्सचा शॉट त्याच्या ७२ दिवस आधीचा. पुढचा हंगाम तो खेळला, त्यामुळे भरपाईस तो पात्र होता; पण ज्या क्षणाने त्याचे नाव झाले, तोच हिशेबाबाहेर राहत होता. त्याने तडजोड नाकारून ‘एनसीएए’ आणि प्रमुख परिषदांविरुद्ध स्वतंत्र दावा केला.

पण वाट सोपी नाही. कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने २००८च्या अंतिम सामन्यात २.१ सेकंद उरले असताना बरोबरी साधली होती. अशा चित्रफिती संस्था आजही वापरते, म्हणून तो आणि इतर माजी खेळाडू न्यायालयात गेले. न्यूयॉर्कमधील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हा दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला. १९८३ मध्ये लॉरेन्झो चार्ल्सच्या अखेरच्या क्षणाच्या डंकवर ५४-५२ असे विजेतेपद मिळवणाऱ्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या खेळाडूंचा दावाही २०२५ मध्येच फेटाळला गेला. चित्रफीत प्रत्येक वेळी नव्याने दाखवली, तर हानीही नव्याने होते, हा खेळाडूंचा युक्तिवाद न्यायालयांना पटलेला नाही.