बोटांची टोपणं

शनिवार-रविवार गावी आलोय, बीड जिल्ह्यात. हेडफोनवर ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम, १९७० चा. आई म्हणते, गोंगाट. असेल बुवा! पण मंडळी, तो बनला कसा ते तरी ऐका.

टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची तीच बोटं! पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा शोधल्या. १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनमध्ये एका दिवसात रेकॉर्डिंग उरकलं, कारण गाणी स्टेजवर वाजवून वाजवून पक्की झालेली. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा तेवढी नंतर जोडली. (आम्ही एका रिलीजला तीन महिने लावतो, ते सोडा.)

लोक याला सैतानी संगीत म्हणतात. मला विचाराल तर तो जड आवाज सैतानाचा नाहीच, त्या कारखान्याचा आणि त्या बोटांचा आहे.

आमच्याकडे कडबाकुट्टीत बोटं गेलेला एक पखवाजवाला आहे. भजनात आता नुसता बसून असतो. काल त्याला हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बाटली कशाची होती रं?"