पंप पाणी ओढतच नाही!

ही गोष्ट माझ्या लहानपणची. आमच्या मळ्यातली विहीर चाळीस फूट खोल. काठावर विजेची मोटार आणि पंप. दिवाळीपर्यंत पाणी वर असायचं, तेव्हा पंप कसा भकाभका पाणी फेकायचा! एका वर्षी मात्र मार्च महिन्यातच पाणी ३५ फुटांवर गेलं आणि पंप रुसला. मोटार घुंई-घुंई फिरतेय, पण पाटात थेंब नाही. इकडे ऊस माना टाकायला लागलेला. वडिलांनी फूटव्हॉल्व्ह साफ केला, पाइपात पाणी भरून पाहिलं. छे! शेवटी कर्ज काढून जास्त ताकदीचा पंप घ्यायचं ठरलं.

तेवढ्यात शेजारचे आबा आले. विहिरीत डोकावून म्हणाले, "अहो, नवा कशाला? हाच खाली उतरवा की!" विहिरीत पंधरा फुटांवर दगडी टप्पा होता. त्यावर पंप बसवला आणि त्याच पंपाने पाणी फेकलं! कर्ज टळलं, ऊसही वाचला.

आता सांगा, जो पंप काठावर हरला, तो टप्प्यावर कसा जिंकला?

आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरं तर तो पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर चढवते ती हवा! आपल्या डोक्यावर हवेचा भला मोठा थर आहे आणि हवेलाही वजन असतं. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे १ किलो पडतो. हा दाब विहिरीतल्या पाण्यावरही असतो. पाइपात दाब कमी झाला, की बाहेरची हवा पाण्याला पाइपात ढकलते.

पण किती उंच? चला, हिशेब करू. १ चौरस सेंटिमीटर तळाचा पाण्याचा उभा खांब घ्या. तो १ किलोचा व्हायला १००० सेंटिमीटर, म्हणजे १० मीटर उंच हवा. तेवढ्या उंचीला पाण्याचा दाब आणि हवेचा दाब सारखे होतात. पुढे हवेची ताकद संपली! मग मोटार कितीही मोठी असो. आणि पंपाला पाइपात पूर्ण पोकळी करता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात पाणी २५ फुटांच्या आसपासच चढतं. टप्प्यावरून पाणी उरलं होतं वीस फुटांवर. तिथून वर मात्र पंप स्वतः पाण्याला ढकलतो, त्याला ही मर्यादा नाही.

हे कोडं इटलीत गॅलिलिओलाही पडलं होतं. ते सोडवलं टॉरिसेली या शास्त्रज्ञाने. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणून हवा त्याला फक्त ७६ सेंटिमीटर उचलून धरते, हे १६४३ च्या सुमारास त्याने दाखवलं. झाला वायुभारमापक तयार! पुढे फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढले. माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरहून जास्त उतरला होता. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी!

आता तुम्ही करून बघा. काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. त्यात स्ट्रॉ घाला आणि बाटलीचं तोंड मळलेल्या कणकेने घट्ट बंद करा. कुठेही फट नको. आता प्या पाणी! गाल खपाटीला गेले तरी एखाद्या थेंबापलीकडे काही मिळणार नाही. मग कणकेला काडीने आरपार भोक पाडा आणि पुन्हा ओढा. आलं ना पाणी? भोकातून आत शिरलेल्या हवेनेच ते ढकललं. म्हणजे आजवर सरबत तुम्ही एकटे पीत नव्हता, हवा तुम्हाला पाजत होती!

जाता जाता एक प्रश्न. आमचा पंप महाबळेश्वरच्या एखाद्या विहिरीवर नेला, तर तिथे तो काठावरून जास्त खोलीचं पाणी वर आणेल, की कमी? पेरिएंचा पारा आठवा, आईबाबांशी वाद घाला. उत्तर पुढच्या अंकात!