लाल डबा रिकामा असेल तर

कारखान्यात शिरलो की माझी नजर आधी लाल डब्याकडे जाते. नापास झालेले जॉब टाकायचा डबा. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या प्रत्येक युनिटमध्ये तो असतो, कारण ऑडिटला लागतो; काही ठिकाणी त्याला कुलूपही असतं. तो रिकामा असला की मालक खुशीत दाखवतो. मला मात्र तेव्हा मशीनच्या मागे, चिपच्या ढिगात, कूलंटच्या टाकीत डोकवावंसं वाटतं. दोन शिफ्ट चालणाऱ्या मशीनवर एकही जॉब वाया जात नाही, हे मी सहजासहजी मानत नाही.

या सदरात वीजदर, जमिनीचे भाव, थकलेली बिलं यांवर बरंच लिहून झालं. उद्योजकांना ते आवडतं, कारण त्यात चूक सरकारची नाहीतर बड्या कंपनीची असते. आज जरा घरातलं बोलू.

भोसरी, चाकण, वाळूज, कुठलंही मशीन शॉप घ्या. सीएनसीवर बुश चालू आहे. आतला व्यास 25 मिलिमीटर, ड्रॉइंगवर एच-7. म्हणजे बोअर 25 पेक्षा कमी नको, जास्त असलाच तर 21 मायक्रॉनपर्यंत. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेत हा सगळा खेळ. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मशीन गार पडलेलं असतं. ते तापत जातं तसं माप सरकतं. सेटर ऑफसेट देतो, तासाभराने पुन्हा देतो. इन्सर्टची धार झिजली की बोअर हळूहळू लहान होतो आणि गो गेज अडकायला लागतो. कूलंटची पातळी उतरली की हेल्पर नुसत्या पाण्याची बादली ओततो. असं वरचेवर झालं की तेलाचं प्रमाण घटतं, इन्सर्ट लवकर जातो, जॉबवर गंज धरतो. ते प्रमाण मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असतं, पण ऑफिसच्या कपाटात, खोक्यासकट नवंकोरं. फिक्स्चरच्या बैठकीवर एखादी चिप चिकटून राहिली की जॉब तिरका बसतो.

यात गूढ काहीच नाही. कुठल्या वेळचे जॉब गडबडतात ते ऑपरेटरला विचारा, तो मिनिटभरात सांगेल. फक्त सुपरवायझर जवळपास नसावा.

सुपरवायझरसमोर तो गप्प का होतो, याचा हिशेब मांडून पाहू. जॉबवर्क करणाऱ्याला समजा नगाला 4 रुपये मिळतात आणि माल गिऱ्हाइकाचा, 60 रुपयांचा. एक नग नापास झाला की 60 रुपयांची डेबिट नोट. पंधरा नगांची मजुरी गेली. नफा नगामागे आठ आणे धरला, तर 120 नगांचा नफा गेला. तोच नग गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडला तर सॉर्टिंगला बसवलेल्या माणसांचा खर्च आणि लाइन थांबल्याचा दंड वेगळा. हा धाक दर्जा सुधारावा म्हणून आहे, असं खरेदी खातं सांगतं. प्रत्यक्षात तो उतरंडीवरून घरंगळत खाली येतो. मोठी कंपनी टियर-वनला डेबिट करते, टियर-वन टियर-टूला, तो जॉबवर्करला, आणि जॉबवर्कर ठेकेदाराच्या पोराला सांगतो, ‘परत असं झालं तर उद्यापासून येऊ नकोस.’ पोरगा सहा-सात महिन्यांच्या बोलीवर आलेला. त्याच्यासमोर दोन वाटा: नग लाल डब्यात टाकून नाव लिहायचं, किंवा चांगल्या मालात मिसळून द्यायचा. सापडला तर सापडला. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याची मला पूर्ण कल्पना आहे.

मग मालक शेवटी शंभर टक्के तपासणी बसवतो. टेबल, दिवा, दोन मुली, गेज. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण माणूस तपासून दोष शोधण्यात किती पक्का असतो हे बघायचं असेल, तर या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘क’ किती वेळा आलाय ते मोजा, आणि मग न अडखळता पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जुळले, तर आठ तास गेज लावायला तुम्ही लायक. शिवाय तपासणीच्या टेबलावर दोष बनायचा थांबत नाही, फक्त बाजूला निघतो. तोवर त्यावर पाच ऑपरेशन होऊन गेलेली असतात. प्रत्येक ऑपरेशनला 98 टक्के माल पास होतो हे ऐकायला झकास. 98 टक्के पाच वेळा गुणले की हाती 90 उरतात. आणि समोरची कंपनी पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती नापास, असं बोलते, जिथे एक टक्का म्हणजे 10,000.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हाच लपंडाव वेगळ्या रीतीने चालतो. शिरोली, गोकुळ शिरगावला इंजिनाचे, ब्रेकचे, ट्रॅक्टरचे भाग ओततात. ब्लो होल, आकुंचनाची पोकळी, वाळू अडकणं, पेट्या सरकून दोन अर्धे न जुळणं, ही तिथली नेहमीची दुखणी. वाळूतला ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास सांभाळायचा असतो, आणि पावसाळ्यात तो सांभाळणं म्हणजे रोजची कसरत. वाळू उघड्यावर, भंगारही ओलं. पण नापास कास्टिंगला तिथे एक सोय आहे: ते परत भट्टीत जातं. ‘वितळवून टाकू, माल कुठे जातोय’ हे वाक्य प्रत्येक फाउंड्रीवाल्याने कधी ना कधी उच्चारलेलं असतं. माल जात नाही, खरंय. पण इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते, ती दुसऱ्यांदा जाते. मोल्ड, कोअर, ओतणारी माणसं, ग्राइंडिंग, सगळं दुसऱ्यांदा. वीजदरवाढीवर मोर्चा काढणाऱ्यांनी आपल्या भट्टीत दर महिन्याला किती टन माल दुसऱ्यांदा वितळतो, हा आकडाही खिशात ठेवावा. ब्लो होल मशीनिंगनंतर उघडा पडला तर भानगड आणखी वाढते. फाउंड्री म्हणते मशीनवाल्याने जास्त खोल काढलं, मशीनवाला म्हणतो कास्टिंगच पोकळ. नगावर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाण्याचा क्रमांक, नीट उमटलेला असेल, त्या हीटचा स्पेक्ट्रोमीटरचा कागद आणि वाळूच्या चाचणीची नोंद जपलेली असेल, तर हे भांडण दहा मिनिटांत मिटतं. नसेल तर निम्मं-निम्मं डेबिट घेऊन दोघंही गप्प बसतात, आणि पुढच्या महिन्यात तेच होल पुन्हा येतं.

आणि लपवणं कागदावरही असतं. मशीनशेजारी लटकवलेला कंट्रोल चार्ट बघा. दर तासाचं रीडिंग, सगळं एका पेनाने, एका दमात भरलेलं, ठिपके मधल्या रेषेच्या अंगाखांद्यावर. शिफ्ट संपताना दहा मिनिटांत भरलेला चार्ट कळायला फार हुशारी लागत नाही. दुसरी खूण याहून मजेची. शे-दोनशे रीडिंगचा आलेख काढला की मर्यादेच्या अगदी आत मापांची दाटी दिसते आणि मर्यादेपलीकडे शुकशुकाट. मशीन असं वागत नाही, माणूस वागतो: दोन मायक्रॉन बाहेर गेलेलं माप आत लिहिलं जातं. हा चार्ट अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी आपल्या साहेबाला दिलेल्या छोट्याशा टिपणातून जन्मला. जपानमधली डेमिंग यांची गुणवत्तेवरची गाजलेली व्याख्यानं 1950 ची. त्याआधी 1947-48 मध्ये महालनोबिस यांच्या सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट भारतात येऊन गेले होते. शिकवणारा आपल्याकडे उशिरा आला, ही सबब चालणार नाही.

लपवण्याची परिसीमा पाहायची तर जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं प्रकरण आहे. स्विचच्या आतला प्लंजर तोकडा होता, त्यामुळे किल्ली चालत्या गाडीत फिरून इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडत नसे. पुढे भाग सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. मग कुठल्या गाडीत जुना आणि कुठल्या गाडीत नवा, याचा माग काढताना तपास करणारेच वर्षानुवर्षं चकले. 2014 मध्ये सुरुवातीलाच 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि नुकसानभरपाई देताना 124 मृत्यू या स्विचशी जोडले गेले. ड्रॉइंगची रिव्हिजन न बदलता ‘एवढं चालवून घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं.

टोयोटाचं नाव निघालं की आपल्याकडे फाइव्ह-एसच्या पाट्या रंगवल्या जातात. मूळ गोष्ट माग बनवणाऱ्याची आहे. साकिची टोयोदा यांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्याचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडांना विकले, आणि साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीच्या नादाला लागला. बिघाड होताच थांबणारं यंत्र हेच त्या घराण्याचं भांडवल. त्यांच्या लाइनवरचा कामगार दोरी ओढून मदत मागतो, ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडेही दोरी बसवलेली मी पाहिली आहे. ती ओढणाऱ्याला संध्याकाळी केबिनमध्ये बोलावतात.

थांबलं की उत्पादन बुडतं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. म्हणून मालक सायकल टाइमच्या मागे लागतो, फीड वाढवून पाच सेकंद वाचवतो, आणि इन्सर्ट दुप्पट खातो. वेळेच्या 90 टक्के मशीन चालू, चालताना 90 टक्के वेग, झालेल्या मालात 90 टक्के पास: तीन नव्वदांचा गुणाकार 73. पाच सेकंदांनी यातलं काय सुधारलं?

प्रेस शॉपमध्ये तर उत्पादकता आणि दोष यांचं नातं डोळ्यांना दिसतं. डाय बदलायला दोन तास लागतात, म्हणून मालक म्हणतो, एकदा चढवलीच आहे तर महिन्याचा माल मारून घेऊ. पाच हजार नग. त्यातल्या आठशेव्या नगाला डायची कड बोथट झाली आणि बर यायला लागला, हे कळतं वेल्डिंगच्या टेबलावर, आठवड्यानंतर. तोवर चार हजारांवर नग क्रेटमध्ये. लहान लॉट मारला असता तर दोषही लहानच राहिला असता. पण लहान लॉटला डाय पटकन बदलता यायला हवी, आणि त्या दोन तासांत प्रत्यक्ष बदलण्याचं काम थोडंच असतं. पाना सापडत नाही, फोर्कलिफ्ट दुसरीकडे अडकलेली, डायची उंची निराळी म्हणून पॅकिंग शोधा, एकेक बोल्ट निराळ्या लांबीचा. शिगेओ शिंगो यांनी 1969 मध्ये टोयोटात एक हजार टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. आपण तीन मिनिटांचा हट्ट धरू नये. डायची उंची सारखी करून घेतली, बोल्ट एका मापाचे केले, पुढची डाय मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवली, तरी वेळ निम्म्याखाली येतो. त्याला बँकेचं कर्ज लागत नाही. कॅमेऱ्याने दोष पकडणाऱ्या यंत्राला मात्र लागतं, आणि प्रदर्शनातून तेच आधी विकत घेतलं जातं.

त्याच प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतलेले राहावेत म्हणून. वेग वाढवायला त्यातल्या एका बटणात पट्टी खुपसून ठेवतात. वाहनभागांच्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हरियाणातून सुरू झालेलं त्यांचं काम महाराष्ट्रापर्यंत आलं आहे, आणि अपघातांच्या कारणांत पॉवर प्रेस सतत वर आहे. गेज चुकवणारं आणि बटण चुकवणारं शॉप बहुधा एकच असतं. लाल डब्यातला नग तरी मोजला जातो.

या लपवाछपवीवर माझं म्हणणं मोठ्या कंपन्यांच्या खरेदी खात्याला उद्देशून आहे, कारण धाक तिथून सुरू होतो. डेबिट नोटेत एक रकाना वाढवा: दोष कोणी कळवला? पुरवठादाराने माल सोडण्याआधी किंवा तुमच्या लाइनवर लागण्याआधी स्वतः फोन करून कळवला असेल, तर फक्त मालाची किंमत वसूल करा. दंड नको, गुणांकन कापू नका. लपवून पाठवलेला सापडला तर दंड हवा तेवढा लावा. खरेदीवाले म्हणतील, मग पुरवठादार निर्धास्त होतील आणि रोज फोन करतील. पहिले काही महिने करतीलच. त्यात शुक्रवार सकाळचे बुश असतील, पावसाळ्यातली कास्टिंग असतील, बोथट डायचे ब्रॅकेट असतील, आणि हे फोन नोंदवून घ्यायला तुमच्या क्वालिटी खात्यात एक माणूस जास्त लागेल. त्याचा पगार सॉर्टिंगच्या खर्चातून सहज निघेल.