धर्माची गाय आणि दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालेल्याला नावे ठेवू नयेत, हा तिचा अर्थ. मला मात्र तीत आपला स्वभावही दिसतो. जनावराच्या तोंडात आपण डोकावतो ते विकत घेताना! दुधाचे दात पडून दोन दात आले की साधारण दोन वर्षांचे, आठ जुळले की पूर्ण वाढलेले. एवढ्यावर आपली पाहणी संपते.

आज कुत्र्यांसाठी ब्रश आणि वेगळी पेस्ट मिळते. त्याला कोणी चैन म्हणून हसतात. मला ते पटत नाही. कुत्रा चूळ भरत नाही, पेस्ट गिळतो. माणसांच्या काही पेस्टमधील झायलिटॉल त्याच्या जिवावर बेतते.

आमच्या डिचोली तालुक्यातील शिरगावच्या गोठ्यात ब्रशचे काम नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतातच. रवंथ करताना दाढा झिजतात, लाळेने तोंड धुतले जाते. पण लाळ्या-खुरकुतात जिभेवर फोड येतात. तेव्हा तुरटीच्या पाण्याने तोंड धुणे हा उपचार झाला. खरा उपाय वेळेवर लस. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत टोचतात. मात्र लाळ गळताना दिसली म्हणून उघडा हात तोंडात घालू नये. पिसाळलेल्या जनावराचीही लाळ गळते. आधी पशुवैद्याला बोलवावे.

मुके जनावर दुखणे सांगत नाही. ते चारा टाकते, अर्धवट चावलेला घास गाळते. ते रोज पाहण्यास कोणतेच उपकरण लागत नाही. शिकलेल्या मुलांनी घरी निदान एवढे तरी करावे.