पोच घेतल्याशिवाय उठू नका

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी होत्या. एकीचा मुलगा साडेतीन वर्षांचा होऊनही दोन शब्दांपुढे जात नव्हता आणि प्रीस्कूलने तपासणी सुचवली होती. दुसरीने मसालेभात वाढून घेता घेता सल्ला दिला, "फाईलबिईल उघडू देऊ नकोस हं. एकदा स्पेशल एडचा शिक्का बसला की पुसत नाही. आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले, आता कुणाचं तोंड बंद होत नाही!" रांग हसली. ती आई हसली नाही.

शिक्क्याचं आधी उरकते, कारण त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. प्रवेश देण्याआधी मुलाच्या अपंगत्वाची चौकशी करायला इथे अमेरिकेत कॉलेजांना कायद्याने मनाई आहे. तीन ते पाच ही वयाची वर्षं मात्र गेली की गेली. तेव्हा फाईल उघडा.

माझा खरा राग आहे तो फाईल उघडल्यानंतर आपण जे करतो त्यावर. आमच्याच घरचं सांगते. आमचे हे विमा कंपनीच्या माणसाला फोनवर तासभर सोडत नाहीत. घराच्या कर्जाचे कागद त्यांनी ओळ न ओळ वाचले, वकिलाला प्रश्न विचारून भंडावलं. तेच धाकट्याच्या आयईपीच्या, म्हणजे शाळेने त्याच्यापुरत्या आखलेल्या शिक्षण-आराखड्याच्या, मीटिंगला बसले की एकदम शाळकरी पोर होतात. स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदाची एकदा करू या, मुलगा छान प्रगती करतोय, असं समोरची बाई गोड आवाजात म्हणाली. यांनी मान डोलावली. त्या दिवशी घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मोठीलाही नेलं होतं. ती परतताना गाडीत म्हणाली, "बाबा, ते लोक काहीतरी काढून घेत होते ना? मग तू सारखं थँक्यू का म्हणत होतास?"

यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अर्धं आहे. बाईंचा शब्द शेवटचा, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे. मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडची. आमच्याकडे बाप शाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहायचा, आणि पोरगं ढ आहे असं मास्तर म्हणाले की ते ढ, विषय संपला. मास्तरांनी कुणाचं भलं केलं नाही असं मी म्हणत नाही. मी स्वतः तिथूनच शिकून इथवर आले. पण इथे टेबलापलीकडे बसलेले लोक तुमचे गुरू नसतात. ते चांगले असतात, दमलेले असतात, आणि त्यांच्या डोक्यावर स्कूल डिस्ट्रिक्टचं बजेट असतं. कायद्याने तुम्ही आयईपी ठरवणाऱ्या टीमचे सभासद आहात, पाहुणे नव्हे.

आता त्याच कैनाडला राहिलेली माझी बहीण बघा. आठवी पास. तिच्या मुलाला कमी ऐकू येतं. अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड, श्रवणयंत्र, सगळ्यासाठी तिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कायदा तिकडे भारतातही आहे: अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. पाड्यापर्यंत ते प्रमाण कसं पोचतं ते विचारू नका. पण बहीण अर्जाच्या दोन प्रती नेते, एक देते आणि दुसरीवर सही-शिक्का मारून घेते. पोच मिळाल्याशिवाय ती बाकावरून उठत नाही. साहेब जेवायला गेले तर बसून राहते. "तोंडी सांगितलेलं उद्या कोण कबूल करतं, ताई?" असं मलाच विचारते.

हे शहाणपण तिला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. डहाणू-तलासरीच्या मातीत ते आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं सावकाराकडे लग्नगडी म्हणून आयुष्यभर राबली, आणि कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कळायचं नाही. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासी उठले ते या वेठीविरुद्ध. न वाचता अंगठा देऊ नये, हे तिथे म्हाताऱ्यांनाही सांगावं लागत नाही. आपण मास्टर्स करून आलेली माणसं मात्र बारा पानांची आयईपी मीटिंगमध्येच चाळतो आणि "कुठे सही करू?" विचारतो.

तर माझ्या बहिणीच्या पद्धतीने करा. तपासणीची मागणी लेखी द्या, तारीख घालून. न्यू जर्सीत अशी मागणी पोचली की शाळेच्या सुट्ट्या सोडून वीस दिवसांत डिस्ट्रिक्टला मीटिंग घ्यावी लागते. गेटवर बाईंच्या कानावर घातलं तर काहीच घ्यावं लागत नाही. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, ते द्यायला बांधील आहेत. त्यांची तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून मागता येते. मग डिस्ट्रिक्टने एक तर खर्च करायचा, नाही तर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं. पहिली आयईपी तुमच्या संमतीशिवाय लागूच होत नाही. पुढच्या बदलांना पंधरा दिवसांत रीतसर हरकत घेतली नाही तर मात्र ते लागू होतात, म्हणून पाकीट फ्रिजवर ठेवून भारतात जाऊ नका. मीटिंगला कुणालातरी सोबत न्या. दुभाषा मागता येतो. स्पॅन ही पालकांचीच संस्था मोफत सल्ला देते.

आणि भांडणं असभ्य वाटत असेल तर एवढं ध्यानात घ्या, की अपंग मुलांच्या शिक्षणाचा हा हक्क मुळात भांडूनच मिळालेला आहे. १९७१ साली पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या संघटनेने राज्यावर दावा लावला, त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ मध्ये, देशभराचा कायदा आला. २०१७ साली कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या आईवडिलांमुळे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी हवी. ते आईवडील थँक्यू म्हणून घरी गेले असते तर?

ज्यांना अमेरिकन कायद्याचं कौतुक नको वाटतं त्यांनी कोसबाडला जावं. आमच्याच तालुक्यातली टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही. पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरवली. पोरं गुरं राखायला जातात म्हटल्यावर कुरणात कुरणशाळा नेली. मूल जसं आहे, जिथे आहे, तिथे शाळेने जायचं. आयईपी याहून वेगळं काय मागते? तेव्हा ही काही गोऱ्यांची थेरं नाहीत.

फार उपदेश झाला, कळतंय मला. ज्यांची मुलं अजून बोलत नाहीत, रात्रभर झोपत नाहीत, त्यांना आणखी एक कागद लिहा म्हणणं सोपं आहे. रागावू नका. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर मला सांगा, शनिवारी मराठी शाळा सुटेपर्यंत मी बाहेरच बसलेली असते.

शाळेवरून आठवलं. "घरी फक्त इंग्रजीच बोला, मूल गोंधळतं" असं कुणी सांगितलं तर मानू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, आणि तपासणी मुलाच्या घरच्या भाषेतही व्हावी असं कायदाच म्हणतो. आजीशी बोलायची भाषा काढून घेऊन कुणाचं भलं होणार? यावर खरं तर वेगळा लेख हवा, आणि तो माझ्यापेक्षा एखाद्या स्पीच थेरपिस्टने लिहावा.

आणि आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. ढोलताशाच्या आवाजाने कानावर हात दाबून रडणारी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांचे आईबाप आरती होताच निघून जातात आणि दोन वर्षांनी वर्गणी भरणंच सोडतात. आपण भाड्याने घेतो त्या हॉलशेजारचा वर्ग रिकामाच असतो. दिवाळीला तो उघडून द्या, दोन सतरंज्या टाका, स्पीकर तिकडे नेऊ नका. भाडं वेगळं पडत असेल तर या वर्षीचं मी देते.