गिअर पडत नाही? आधी दुखणं ओळखा!

वाळूची टेकडी चढताना ड्यून बगीचा वेग मंदावतो. चालक तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यायला बघतो, पण दांडी नुसतीच डुगडुगते. गिअर काही पडत नाही. डांबरी रस्त्यावर अशा वेळी गाडी निदान कडेला घेता येते. वाळूत चाल मोडली की मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. चढावर तिरकी अडकली, तर कलंडण्याची भीती वेगळीच. म्हणूनच कॅलिफोर्नियात पिस्मो बीचजवळ किंवा ग्लॅमिसच्या वाळवंटात बगी फिरवणारी मुरलेली मंडळी गिअरची बारीकशी कुरकुरही कानाआड करत नाहीत.

नवखे मात्र दोन चुका करतात. एक तर दांडीवर जोर लावतात, नाही तर ‘गिअरबॉक्स गेला’ असं ठरवून थेट इंजिन उतरवायला घेतात. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो तो गिअरबॉक्सच्या बाहेर, एखाद्या झिजलेल्या बुशात किंवा सैल पडलेल्या क्लचच्या केबलमध्ये!

बगीच्या पोटात ‘बीटल’

हे समजण्यासाठी बगीचं कूळ ठाऊक हवं. होड्या बांधण्यात हात बसलेल्या ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियात फायबरग्लासची पहिली ‘मायर्स मँक्स’ तयार केली. इंजिन आणि गिअरबॉक्स घेतले फोक्सवॅगन बीटलचे. पुढच्या गाड्यांसाठी तर बीटलचा पायाच जवळपास ३६ सेंटीमीटरनं कापून आखूड केला आणि त्यावर फायबरग्लासचं टप बसवलं. १९६७ साली मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतल्या ला पाझपासून तिहुआनापर्यंतचा बाहा द्वीपकल्पाचा खडतर प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत पुरा केला. मोटरसायकलस्वारांचा आधीचा विक्रम त्यांनी पाच तासांहून अधिक फरकानं मोडला आणि बगीचं नाव झालं. मायर्स २०२१ साली वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. त्यांच्या धर्तीवरच्या बग्या आजही धावताहेत.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, तर गिअरची दांडी पुढे. दोन्हींना जोडणारी लांब सळई गाडीच्या मधोमध असलेल्या बोगद्यासारख्या पोकळीतून जाते. दांडी डावी-उजवीकडे नेली की ही सळई स्वतःभोवती वळते, पुढे-मागे नेली की सरकते. मुंबईत ज्यांनी स्टिअरिंगजवळच्या गिअरची फियाट चालवली आहे, त्यांना सांगायला नको. दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यातला एकेक सांधा झिजत गेला की हाताला कळेनासं होतं, नेमका कुठला गिअर पडला!

पहिली परीक्षा : इंजिन बंद, मग चालू

निदानाची सुरुवात पान्यानं नव्हे, कानानं आणि हातानं करायची. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पुढे-मागे कुणी उभं नाही, याची खात्री करावी. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघावा. एखादा अडलाच, तर हँडब्रेक सोडून गाडी हातभर पुढे ढकलावी आणि पुन्हा बघावं. दात समोरासमोर आले की चांगल्या गाडीतही गिअर अडतो.

आता इंजिन चालू करावं. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावं आणि हलकेच रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सच का? बीटलच्या पुढच्या गिअरना सिंक्रोनायझरचा आधार असतो, रिव्हर्सला नसतो. क्लच जरा जरी चिकटून असला तरी रिव्हर्स लगेच ‘खर्रर्र’ करून चुगली करतो.

या परीक्षेचा निकाल सरळ आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना खरखरतात, तर दोष क्लचचा. इंजिन बंद असतानाही दांडी अडते किंवा भलताच गिअर पडतो, तर दोष बहुधा दांडी-सळईच्या जोडणीचा. क्लच आणि जोडणी दोन्ही ठीक असूनही एकच गिअर त्रास देतो, तेव्हा कुठे गिअरबॉक्सवर संशय घ्यायचा.

क्लच सुटत नसेल तर

बीटलच्या क्लचला लोखंडी केबल असते. पेडलला वरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. त्याहून जास्त असेल तर पेडल तळाला टेकूनही क्लच पुरता सुटत नाही. अजिबातच नसेल तर उलटी तऱ्हा. क्लच घसरतो आणि आतला बेअरिंग लवकर खलास होतो. ही चाल गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, केबलच्या टोकावरच्या पंखवाल्या नटानं कमी-जास्त करता येते. नटाचे कान लिव्हरच्या खाचेत नीट बसले पाहिजेत, नाही तर तो आपोआप फिरत राहतो.

नट शेवटापर्यंत कसूनही चाल जास्तच राहत असेल, तर केबल ताणली आहे किंवा तिचे पदर तुटताहेत. ती बदलावीच. केबल ज्या लवचीक नळीतून गिअरबॉक्सकडे जाते, त्या नळीला साधारण अडीच ते साडेचार सेंटीमीटर झोल लागतो. झोल कमी पडला तर क्लच धक्के देतो.

बगीत आणखी एक छुपं दुखणं असतं. बोगद्याच्या आत केबलसाठी एक पक्की नळी वेल्ड केलेली असते. पाया आखूड करताना तीही कापून जोडावी लागते. हे वेल्डिंग सुटलं की पेडल दाबताच केबलऐवजी नळीच हलते आणि कितीही ॲडजस्टमेंट केली तरी क्लच सुटत नाही. नळी पुन्हा वेल्ड करायची तर एक गोष्ट कदापि विसरू नये. पेट्रोलचा पाइपही याच बोगद्यातून जातो! टाकी आणि पाइप रिकामे करून, बाजूला काढून, जाणत्या वेल्डरकडूनच हे काम करून घ्यावं.

जोडणीची तपासणी

आधी दांडीचा पाया बघावा. तो दोन बोल्टांवर बसतो आणि त्याखाली एक छोटी पट्टी असते. बीटलमध्ये रिव्हर्स असतो दुसऱ्या गिअरच्या शेजारी, दांडी खाली दाबून डावीकडे-मागे. दुसरा शोधताना चुकून रिव्हर्सशी गाठ पडू नये, हे त्या पट्टीचं काम. ती झिजली किंवा उलटी बसवली गेली की गिअर हरवतात. म्हणून खोलण्यापूर्वीच पट्टीवर आणि पायाच्या कडेला खडूनं खुणा कराव्यात. ॲडजस्टमेंटसाठी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून बोल्ट ढिले करावेत, पाया किंचित सरकवून पुन्हा कसावा आणि सगळे गिअर टाकून बघावेत. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच!

दांडी सारखी खडखडत असेल तर पुढचा बुश गेला समजावं. दांडी काढली की त्याच भोकातून तो हाताला लागतो. नवा बुश भरपूर ग्रीस लावून बसवावा. दांडी हलते पण गिअर बदलतच नाही, असं झालं तर मागचं कपलिंग तपासावं. बोगद्याच्या मागच्या टोकाला, छोट्या झाकणाखाली ते असतं. त्याचा स्क्रू सैल झाला की सळई नुसतीच फिरते. स्क्रू कसून तारेनं बांधून टाकावा.

आणि सळई? आखूड केलेल्या बगीत तीही कापून जोडलेली असते. जोड देताना ती थोडी जरी पिळली गेली, तर दांडी एका बाजूला पुरेशी जातच नाही. एक-दोन मिळतात, तीन-चार मिळत नाहीत. लांबी चुकली तर एक-तीन नीट बसतात, दोन-चार अर्धवट राहतात, किंवा नेमकं उलट. दांडीचा पाया हलवून हे सुधारत नसेल, तर सळईच दुरुस्त करायला हवी.

गिअर सुटत असेल तर

चालता चालता गिअर न्यूट्रलमध्ये उडत असेल, तर आधी जोडणी आणि मग गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग बघावेत. रबर फाटलं की जोर येताच सबंध गिअरबॉक्स हलतो आणि गिअर सुटतो. खाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. गाडी भक्कम स्टँडवर हवीच.

ऑइलही तपासावं. बदलताना सुमारे अडीच लिटर लागतं आणि पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. ऑइलमध्ये धातूची बारीक राख दिसणं स्वाभाविक. पण तुकडे किंवा दातांचे कपचे निघाले, तर गाडी तिथेच थांबवावी. एखादाच गिअर, विशेषतः दुसरा, झटकन टाकताना खरखरत असेल तर त्याची सिंक्रोनायझरची कडी झिजली असणार. ही दोन्ही कामं गिअरबॉक्स उघडणाऱ्या अनुभवी मिस्त्रीचीच.

दुरुस्तीनंतर बगी लगेच वाळूत नेऊ नये. इंजिन गरम झाल्यावर सपाट मैदानावर प्रत्येक गिअर दहा-दहा वेळा चढवून-उतरवून बघावा, शेवटी रिव्हर्सही. एकदाही खरखर झाली नाही, तरच टेकडीकडे वळावं. आणि निघताना क्लचची एक जादा केबल सोबत असू द्यावी. ती कधी तुटेल, हे ती आधी सांगत नाही.