कुदळीवाचून धीर

महामारीनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हापासून आपल्या प्रवचनांतून आणि पालकसभांतून एक उपदेश सतत कानी पडतो : श्रद्धा ठेवा, धीर धरा, मुले आपोआप सावरतील. उपदेश गोड आहे. पण भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांसमोर उभे राहून तो उच्चारला, तर त्यातील पोकळपणा लपत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. त्या जूनमध्ये ज्याचे नाव पहिलीत दाखल झाले, त्या मुलासाठी ग्रामीण महाराष्ट्रात वर्गाचे दार उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. तोवर ते दुसरीच्या मध्यावर आले होते. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या. मोबाईलवरून अभ्यास पाठवून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे शासन सांगत होते; ज्या घरी मोबाईलच नव्हता, तेथे त्या ‘आहे’ला काय अर्थ होता? १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही वर्ग बंद असताना.

यावर कोणी ‘असर’चा अहवाल पुढे करील. ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ वर आली. मग सावरली ना मुले? नाही. २०२४ ची तिसरी म्हणजे शाळा उघडल्यावर पहिलीत आलेली मुले. टाळेबंदीत पहिलीत असलेली मुले तेव्हा पाचवीत होती, आणि पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना तोच दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. ही दुर्दशा महामारीपूर्वीचीही आहे, हे मान्य. पण म्हणूनच केवळ वाट पाहून ती सुधारणार नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडण्यास मालक सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण त्याच वेळी झाडाभोवती खणण्याचा आणि खत घालण्याचा शब्द देतो. आपण मुदत लक्षात ठेवली आणि कुदळ विसरलो. मावळातील भातशेतकरी ती विसरत नाही. पाऊस देवाच्या हाती आहे, हे तो मानतो. परंतु राब भाजणे, चिखलणी, लावणी यांतील एकही काम तो देवावर सोडत नाही. श्रद्धेचा धीर असा कष्टाळू असतो. कष्ट टाळणाऱ्या धीराला हयगय हेच नाव शोभते.

आश्चर्य असे की, पालकांना धीर शिकविणाऱ्या व्यवस्थेला स्वतःला धीर नाही. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, आणि नमुना म्हणून वेल्ह्यातील पानशेतची शाळा दाखविली. मुलांना सवंगडी आणि इयत्तेगणिक शिक्षक मिळतात, हा लाभ खरा आहे. पण श्रावणातील झडीत गाडी वस्तीपर्यंत आली नाही, तर सहा वर्षांच्या मुलीचा वर्ग कोठे भरणार? नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाचे आपण अनुयायी. पटाच्या या हिशेबापुढे आपण गप्प का?

केवळ शासनाला दोष देऊन आपली सुटका नाही. ख्रिस्तसभेपाशी सभागृहे आहेत, शिकलेले तरुण आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. येत्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामाने, धर्म आणि जात न विचारता, मागे पडलेल्या मुलांसाठी रोज सायंकाळी एक तास वाचनवर्ग चालवावा. आणि जेथे मुलांना येणे शक्य नाही, तेथे वस्तीवर जावे. एवढे जोवर होत नाही, तोवर वेदीवरून पालकांना धीर धरण्यास सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.